लॅब्राडॉर अजून मागतेय म्हणून अजून द्यायचं का? रोजच्या खाण्याचं माप कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार वर्षांची लॅब्राडॉर आहे, नाव कोको, नसबंदी झालेली, वजन ३६ किलो. चीजमधून एक गोळी चालू आहे, दात साफ करायची काडीही मिळते. सकाळी दोन मग आणि संध्याकाळी दोन मग ड्राय फूड मिळतं, ते ती मिनिटभरात संपवते आणि परत रिकामा बाउल तोंडात धरून समोर येऊन उभी. मग तिचं पोट भरत नाहीये का, माप वाढवायचं का, पिशवीवरचा तक्ता धरून चालायचं का. आणि अगदी शेवटी, जाता जाता, दोन गोष्टी लिहिल्यात की आजोबा मधूनमधून "एखादं" बिस्किट देतात आणि पुढच्या महिन्यात गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू येतंय.

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, वीसेक वर्षं हेच करतेय, आणि घरी दोन लॅब सांभाळलेत त्यामुळे तो रिकाम्या बाउलवाला चेहरा मला अगदी तोंडपाठ आहे. तर नाही, माप वाढवायचं नाही. कमी करायचंय, आणि त्याच्याही आधी तो मग कपाटात ठेवून द्यायचाय.

आधी भुकेचं बोलू कारण सगळी गडबड तिथेच होते. आपल्याला वाटतं मागतेय म्हणजे भूक आहे आणि भूक आहे म्हणजे कमी पडतंय. बाकी बऱ्याच कुत्र्यांना हे लागू पडतंही, पण लॅबच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. २०१६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक छोटा तुकडा गळालेला सापडतो, साधारण दर चार लॅबमागे एकात. या जीनपासून जे पदार्थ बनतात त्यातले काही मेंदूला सांगत असतात की बास, अंगात साठा भरपूर आहे, आता शोधू नकोस. तो निरोपच नीट पोचत नाही. अशी एक प्रत असली की वजन सरासरी दोनेक किलोने जास्त भरतं, दोन असल्या तर आणखी. पुढे २०२४ मध्ये त्याच गटाने अजून एक गोष्ट दाखवली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, की या कुत्र्यांना पोट भरायला जास्त खाणं लागत नाही पण दोन जेवणांच्या मध्ये भूक लवकर लागते, आणि वर नुसतं पडून असताना त्यांचं शरीर साधारण २५ टक्के कमी ऊर्जा जाळतं. म्हणजे मागणं जास्त आणि खर्च कमी! बिचारीचा दोष काहीच नाही त्यात. फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हरमध्येही हा बदल आहे. गोल्डनमध्ये सापडला नाही, पण गोल्डन काही उपाशीपोटी वैराग्य घेऊन बसणारा प्राणी नाही, हे पिल्लू आलं की कळेलच.

कोकोमध्ये तो जीन आहे की नाही याची टेस्ट करून घ्यायची गरज नाही, कारण असला काय नसला काय करायचं तेच आहे. मुद्दा एवढाच की ती मागतेय यावरून माप कमी आहे की जास्त हे कळत नाही, कारण दुप्पट दिलंत तरी ती बाउल घेऊन येणारच. माप कळतं दोन ठिकाणी, वजनकाट्यावर आणि तिच्या बरगड्यांवर.

बरगड्या कशा बघायच्या ते सांगते. स्वतःच्या हाताची सैल मूठ करा आणि बोटांच्या मागच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, एवढ्या टोकदार बरगड्या लागल्या तर कुत्रं फार बारीक. आता हात उघडा, पालथा धरा आणि बोटांच्या मुळाशी मागच्या बाजूने हात फिरवा, हाडं लागतात पण वर पातळसं आवरण आहे, असं लागलं तर छान. आणि तळहाताच्या गादीवरून फिरवल्यासारखं लागत असेल, म्हणजे दाबून हाडं शोधावी लागत असतील, तर जाड. मग तिच्या डोक्यावरून खाली बघा, बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे, आणि बाजूने बघितलं तर पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेलं. लॅबचे केस दाट असतात त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, हात लावा. आम्ही हे १ ते ९ अशा पायऱ्यांवर मोजतो, ४-५ म्हणजे बरोबर, आणि त्याच्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कोकोची पाठ टेबलासारखी सपाट आहे आणि कंबर शोधूनही सापडत नाही, म्हणजे ७ च्या आसपास धरू, म्हणजे तिचं बरोबर वजन ३० किलोच्या जवळपास असणार. सहा किलो ऐकायला किरकोळ वाटतात पण हे साठ किलोच्या माणसाने बहात्तर किलो होण्यासारखं आहे, आणि लॅबचे खुबे आणि कोपर मुळातच नाजूक.

आता आकडेमोड, घाबरू नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. आजचं वजन घ्यायचं नाही, हवं असलेलं वजन घ्यायचं, ३०. तीस गुणिले तीस गुणिले तीस, २७,०००. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, १२.८ येईल. त्याला ७० ने गुणा, साधारण ९००. ही झाली ३० किलोच्या कुत्र्याची दिवसभर काहीही न करता लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीमध्ये. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला वजन आहे तिथे ठेवायला याच्या १.६ पट धरतात, पण लॅबला मी १.६ कधीच देत नाही, १.२ ते १.४ पासून सुरू करते. नसबंदीनंतर गरज वीस-तीस टक्क्यांनी घटते आणि भूक उलट वाढते, हे ऑपरेशनच्या दिवशी सांगायला हवं आणि बरेचदा सांगायचं राहून जातं, माझ्याकडूनही राहिलंय. वजन उतरवायचं असेल तर मात्र सरळ १ पट. म्हणजे कोकोला दिवसाला सगळं मिळून ९०० किलोकॅलरी. सगळं मिळून म्हणजे खरंच सगळं मिळून.

पिशवीवर कुठेतरी बारीक अक्षरात दर १०० ग्रॅमला किंवा दर किलोला किती कॅलरी ते लिहिलेलं असतं. नसेल तर स्वतः काढता येतं. प्रोटीनचे टक्के गुणिले ३.५, फॅटचे गुणिले ८.५, आणि शंभरातून प्रोटीन, फॅट, ओलावा, फायबर आणि राख (म्हणजे फूडमधली मिनरलं) वजा करून जे उरेल ते कार्बोहायड्रेट, गुणिले ३.५, तिन्ही मिळवा. प्रोटीन २४, फॅट १२, ओलावा १०, फायबर ४, राख ७ असेल तर उरतात ४३, आणि बेरीज येते १०० ग्रॅमला साधारण ३३७. राखेचा आकडा दिलेला नसेल तर ७ धरा, फार चुकणार नाही.

९०० मधले ९० बाजूला काढा, वरच्या खाऊसाठी, कारण ट्रीट एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की समतोल बिघडतो. उरले ८१०. भागिले ३.३७, म्हणजे दिवसाला २४० ग्रॅम. तुमचं फूड वेगळं असेल तर आकडा वेगळा येईल, पद्धत हीच.

तुम्ही आत्ता काय देताय ते बघू. मग किती मोठा ते लिहिलं नाहीये, पण साध्या मगात शंभर ग्रॅम सहज मावतं, शिगोशीग भरला तर जास्तच. चार मग म्हणजे ४०० ग्रॅम, साडेतेराशेच्या आसपास. त्यावर आजोबांची बिस्किटं, एकेक तीस-चाळीस कॅलरीचं, आणि "एखादं" म्हणजे माझ्या अनुभवात पाच-सहा. गोळी देताना चीजचा तुकडा, ३० ग्रॅम चीज म्हणजे १२० कॅलरी. दात साफ करायची काडी, ती पण ऐंशीच्या आसपास असते मोठ्या कुत्र्याची. सतराशेच्या पुढे गेलो की आपण, आणि कोणीही मनात वाईट हेतू न ठेवता.

मोजायला तो मग का नको म्हणतेय तेही सांगते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २०१९ मध्ये लोकांना मोजायच्या कपाने किबल (ड्राय फूडचे दाणे) भरायला लावलं आणि मग ते वजन करून बघितलं. चूक निघाली ती ४८ टक्के कमीपासून १५२ टक्के जास्तपर्यंत. किबलचा आकार, हाताची घाई, त्या दिवशी कुत्र्याने कसं बघितलं, सगळं त्या कपात उतरतं! स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या, ग्रॅममध्ये मोजा, विषय संपला. पिशवीवरचा तक्ता ही सुरुवातीची जागा आहे, आणि तो सहसा तरुण, धावणाऱ्या कुत्र्याला पुरेल असा उदार हाताने लिहिलेला असतो. शिवाय तक्त्यात लोक आजचं वजन बघतात. ३६ किलोच्या ओळीतलं माप दिलं तर ती ३६ किलोच राहणार, त्यात तक्त्याची चूक नाही.

आता घरातली सगळ्यात उपयोगी युक्ती. सकाळी एकाच माणसाने २४० ग्रॅम मोजून एका डब्यात काढायचे आणि डबा ओट्यावर ठेवायचा. दिवसभरात कोकोला जे काय ड्राय फूड मिळेल ते त्या डब्यातून. ट्रेनिंगला दाणे हवेत, डब्यातून. आजोबांना द्यायचंय, डब्यातून. आजोबांना बंद करा म्हणू नका, ते बंद करणार नाहीत आणि लपून देतील, ते मोजणं त्याहून अवघड. त्यांना त्याच डब्यातले वीस-पंचवीस दाणे एका वाटीत काढून द्या आणि सांगा की हे तुमच्या हातूनच द्यायचे. कोकोला बिस्किट आणि किबल यातला फरक कळतो पण पर्वा नसते, तिला आजोबांच्या हातून काहीतरी मिळाल्याशी मतलब. डबा रिकामा झाला की दिवस संपला. "अगं मी दिलं होतं सकाळी", "मग मी पण दिलं" हे संवाद यानेच थांबतात, दुसऱ्या कशाने थांबलेले मी बघितले नाहीत.

हे एवढ्या ठामपणे सांगतेय कारण माझ्याच घरात झालंय. आमचा टफी पाच वर्षांचा असताना ३१ वरून ३७ वर गेला आणि मी रोज दवाखान्यात लोकांना वजनावर लेक्चर देत होते. मी मोजून द्यायचे, नवरा मोजून द्यायचा, दोघंही आपापलं पूर्ण माप. जवळजवळ दीड महिना तो गडी दोनदा नाश्ता करत होता आणि दोन्ही वेळा चेहरा असा की आठवडाभर अन्न बघितलेलं नाही.

९०० किलोकॅलरीवर ती मागणार, आणि पहिले आठ-दहा दिवस आधीपेक्षा जास्त मागणार, कारण आत्तापर्यंत मागितलं की मिळत होतं. त्या दिवसांत एकदा जरी दिलंत तर ती शिकते की जास्त वेळ ओरडलं की मिळतं. पण तिची भूक खोटी आहे असंही समजू नका, वर म्हटलं तसं दोन जेवणांमधला वेळ तिला खरंच जड जातो. म्हणून दोनाऐवजी तीन किंवा चार वेळा द्या, माप तेच, ६० ग्रॅमचे चार भाग. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, दाणे फुगतात, बाउल भरलेला दिसतो, खायलाही वेळ लागतो (भिजवलेलं उरवून ठेवू नका, लगेच आंबतं). काकडी, गाजर, मीठ न घालता उकडलेल्या फरसबीच्या शेंगा चालतात, काकडी तर १०० ग्रॅमला पंधराएक कॅलरी म्हणजे जवळजवळ पाणीच. गाजर चाळीसच्या आसपास, ते मात्र त्या ९० मध्ये धरा. आणि बाउलमधून देणं निदान एका वेळी बंद करा, गवतात दाणे विखरून टाका, नाहीतर आत खाचा असलेला स्लो फीडर घ्या. मिनिटभरात संपणारं जेवण वीस मिनिटं चालतं, नाक कामाला लागतं, आणि त्यानंतर ती झोपते. हावरट कुत्र्याला शोधायला लावणं हे मला तरी कुठल्याही "लाइट" फूडपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

फूडबद्दल एक सावधगिरी. नेहमीचं फूड खूप कमी केलं की कॅलरीबरोबर प्रोटीन, व्हिटॅमिन, मिनरलही कमी होतात. कोकोला २४० ग्रॅमवर वजन हललं नाही आणि अजून खाली जायची वेळ आली तर नेहमीचंच अजून कमी करू नका, वजन उतरवण्यासाठीचं फूड घ्या, त्यात कॅलरी कमी आणि प्रोटीन जास्त असं बसवलेलं असतं. बदलताना सात ते दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर जुलाब. घरचं शिजवलेलं द्यायचं असेल तर ते वेगळं शास्त्र आहे, नुसतं चिकन-भात म्हणजे पूर्ण आहार नाही, डॉक्टरकडून बसवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही आणि शिजवलेली हाडं, एक कणही नाही. आणि लॅब कचऱ्याचा डबा उघडते हे गृहीतच धरा.

वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी. घरी करायचं तर तिला उचलून काट्यावर उभं राहणं ३६ किलोला कंबर मोडणारं आहे, दवाखान्यात न्या, बहुतेक ठिकाणी नुसतं वजन करायला कोणी नाही म्हणत नाही. आठवड्याला अर्धा ते दीड टक्का उतरलं पाहिजे, म्हणजे २०० ते ५०० ग्रॅम. त्याहून वेगात गेलं तर स्नायू जातात, माप थोडं वाढवा. लागोपाठ दोनदा काटा हलला नाही तर आधी घरात चौकशी, मग वजन उतरवण्याच्या फूडवर जाऊन कॅलरी दहा टक्के कमी. सहा किलोला चार-पाच महिने धरा. एकदा तिशीला आली की हळूहळू वाढवत १,०५० ते १,२५० च्या मध्ये कुठे वजन थांबतं ते शोधायचं. तिथे तिचा स्वतःचा आकडा सापडेल, तो शेजारच्या लॅबच्या आकड्याशी जुळणार नाही.

चालवून वजन उतरवू असं बरेच जण म्हणतात. चालवा, सांध्यांना, डोक्याला, तुम्हाला, सगळ्यांना चांगलं. पण तिच्या वजनाच्या कुत्र्याला एक किलोमीटर चालायला साधारण तीसेक कॅलरी लागतात. म्हणजे एका बिस्किटाला एक किलोमीटर, आजोबांना हा हिशोब जरूर सांगा.

एवढा त्रास कशासाठी असं वाटत असेल तर लॅबवरच झालेला एक अभ्यास आहे, प्युरिनाने केलेला, २००२ मध्ये छापून आला. ४८ लॅब्राडॉर, एकाच वेतातल्या भावंडांच्या २४ जोड्या, एकाला जेवढं दिलं त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला, आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं मध्य आयुर्मान १३ वर्षं निघालं आणि दुसऱ्यांचं ११.२, आणि सांधेदुखीही उशिरा आली. जास्त खाणारे काही फुगलेले ढोल नव्हते, आपल्याला घरोघरी दिसतात तसेच जरा गुबगुबीत.

कधी मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं तेही सांगते. भूक अचानक वाढली आणि वजन घटतंय, पाणी खूप पितेय, तर डायबेटिस. भूक, तहान, धापा आणि पोट लोंबतंय, तर कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार. भरपूर खाऊनही हाडं दिसतायत आणि शी ढीगभर, पातळ, तेलकट, तर पॅनक्रियाजचं बघावं लागतं. जंत तर आहेतच. खाणं कमी असूनही वजन चढतंय, सुस्त आहे, केस निस्तेज, तर थायरॉइड. स्टेरॉइड किंवा फिटच्या काही गोळ्यांनी भूक भयंकर वाढते, कोकोची कुठली गोळी चालू आहे ते तुम्ही लिहिलं नाही, चीजमधून देताय ती, त्याचं नाव बघून डॉक्टरांना विचारा. आणि एक खरी इमर्जन्सी: पोट फुगलंय, उलटी काढायचा जोर करतेय पण काही येत नाही, अस्वस्थ आहे, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला निघायचं, पोटाला पीळ पडलेला असू शकतो. एकदम भरपूर आणि घाईघाईत खाणाऱ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना हा धोका जास्त, म्हणूनही भाग पाडून आणि सावकाश. खाऊन लगेच पळवू नका.

पिल्लाचं थोडक्यात. चार महिन्यांपर्यंत त्याच हिशोबाच्या तीन पट, आजच्या वजनावर, नंतर दोन पट, आणि दर आठवड्याला नवीन वजनावर नवीन हिशोब. चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहापर्यंत तीन, मग दोन. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच फूड घ्या आणि वरून कॅल्शियमचं सिरप, पावडर काही देऊ नका कोणी कितीही सांगितलं तरी, लहान पिल्लाला जादा कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही आणि हाडं बिघडतात. गोंडस गोल पिल्लू फोटोत छान दिसतं पण खुबे त्याच वयात घडत असतात, त्याच्याही बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

आणि दोघांना एका खोलीत खायला देऊ नका. पिल्लाच्या फूडमध्ये कॅलरी जास्त, पिल्लू अर्धं सोडून खेळायला पळणार, आणि कोको ते दार उघडायची वाट बघत बाहेर बसलेली असणार. पिल्लू उठलं की आधी बाउल उचला, मग दार उघडा.